विश्लेषण : हेडसेट ठणठणीत, तरीही निकामी! ‘रिव्हर्ब जी२’च्या कहाणीतून ग्राहकाने काय घ्यावे?

एचपी कंपनीचा ‘रिव्हर्ब जी२’ हा संगणकाला जोडायचा आभासी वास्तव हेडसेट नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आला, तेव्हा चित्राच्या स्पष्टतेत त्याच्या किमतीत त्याला तोड नव्हती. आज त्याच हेडसेटचे पडदे, भिंगा आणि कॅमेरे शाबूत असले तरी संगणकावर विंडोज ११ची नवी आवृत्ती आली की तो मायक्रोसॉफ्टच्या लेखी संपतो. वस्तू बिघडली नाही, मालकाने टाकली नाही, तरी ती बाद झाली. कोन, पळस्पे, पनवेल या पट्ट्यात घराच्या विक्रीपासून विमानतळाच्या नोकऱ्यांपर्यंत सगळीकडे नव्या तंत्राची चर्चा आहे आणि राज्य सरकारही या क्षेत्रात पैसा ओतण्याच्या तयारीत आहे. अशा वेळी या हेडसेटचा पाच वर्षांचा प्रवास समजून घेणे गरजेचे ठरते.

हा हेडसेट नेमका काय आहे?

आभासी वास्तव म्हणजेच व्हीआर हेडसेट दोन प्रकारचे असतात. एकात प्रोसेसर, बॅटरी सारे आतच असते. दुसऱ्या प्रकारात हेडसेट फक्त पडद्याचे आणि कॅमेऱ्याचे काम करतो, चित्र तयार करण्याचे सगळे ओझे संगणक वाहतो. रिव्हर्ब जी२ दुसऱ्या प्रकारातला. एचपीने तो मायक्रोसॉफ्ट आणि व्हॉल्व्ह या दोन कंपन्यांच्या साथीने बनवला. भिंगा आणि स्पीकर व्हॉल्व्हच्या अनुभवातून आले, तर डोक्याची हालचाल ओळखणारी यंत्रणा मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज मिक्स्ड रिॲलिटी’ या व्यवस्थेवर उभी राहिली. अमेरिकेत सुरुवातीची किंमत होती ५९९ डॉलर.

प्रत्येक डोळ्यासमोर २.८९ इंचांचा एक एलसीडी पडदा आणि त्यावर २१६० बाय २१६० पिक्सेल. चित्र सेकंदाला ९० वेळा बदलते. बाहेरच्या बाजूला चार कॅमेरे असल्याने खोलीच्या कोपऱ्यात वेगळे सेन्सर बसवावे लागत नाहीत. वजन साधारण अर्धा किलो. दोन बुबुळांमधल्या अंतरानुसार भिंगांमधले अंतर कमी-जास्त करण्यासाठी खाली एक सरकपट्टी आहे, तिची मर्यादा ६० ते ६८ मिलिमीटर. संगणकाशी जोडणारी केबल सहा मीटरची.

रिझोल्यूशन वाढल्याने काय बदलले?

मोबाइलचा पडदा डोळ्यापासून फूटभर लांब असतो. हेडसेटमध्ये तोच पडदा भिंगातून मोठा होऊन जवळपास संपूर्ण नजर व्यापतो. त्यामुळे मोबाइलवर पुरेसे वाटणारे पिक्सेल इथे विरळ होतात. दोन पिक्सेलमधल्या काळ्या रेषा दिसू लागतात आणि मच्छरजाळीच्या खिडकीतून बाहेर पाहिल्यासारखे वाटते. पहिल्या पिढीच्या हेडसेटची ही मोठी तक्रार होती.

ही तक्रार आकड्यात मोजता येते. नजरेच्या एका अंशात किती पिक्सेल बसतात, हा तो आकडा. निरोगी डोळ्याला साधारण ६० पिक्सेल प्रतिअंश इतका तपशील ओळखता येतो. २०१६ मध्ये आलेल्या ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह या दोन्ही हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यामागे १०८० बाय १२०० पिक्सेल होते, म्हणजे प्रतिअंश दहा-बाराच्या आसपास. रिव्हर्ब जी२मध्ये हा आकडा वीसच्या पुढे गेला. डोळ्याच्या क्षमतेच्या तो अजूनही निम्म्याखालीच आहे, पण जाळी जवळपास नाहीशी होण्यास आणि बारीक अक्षर वाचता येण्यास तेवढी उडी पुरली. या हेडसेटच्या कौतुकाचे मूळ या एका बदलात आहे.

विमान चालवण्याच्या खेळात त्याचे एवढे कौतुक का?

नेमबाजीच्या खेळात समोरचा शत्रू थोडा धूसर दिसला तरी भागते. विमानाच्या कॉकपिटमध्ये मात्र उंची, वेग आणि दिशा सांगणाऱ्या डझनभर तबकड्या असतात. त्यावरचे आकडे वाचता आले नाहीत तर खेळच पुढे सरकत नाही. जुन्या हेडसेटमध्ये प्रत्येक तबकडी वाचण्यासाठी मान पुढे काढून डोके तिच्याजवळ न्यावे लागे. रिव्हर्ब जी२मध्ये खुर्चीला टेकून बसल्याजागी आकडे वाचता येऊ लागले. ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ ऑगस्ट २०२० मध्ये आला आणि त्याच डिसेंबरमध्ये त्यात व्हीआरची सोय झाली. हेडसेट नुकताच बाजारात आला होता. ही जोडी जमली आणि विमान व मोटारशर्यतीच्या खेळांत रमणाऱ्यांनी या हेडसेटला डोक्यावर घेतले.

या आवडीला पनवेल परिसरात आता वेगळा संदर्भ आहे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. कोनपासून हे विमानतळ काही किलोमीटरवर. दहावी-बारावीच्या मुलांना विमानाचे वेड लागण्यासाठी एवढे निमित्त पुरेसे आहे. घरच्या सिम्युलेटरवरच्या तासांची नोंद वैमानिकाच्या परवान्यासाठी धरली जात नाही, हे मात्र पालकांनी आधीच समजून घ्यावे. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेली यंत्रेच लागतात. घरच्या हेडसेटचा उपयोग उपकरणांची ओळख आणि क्रम पाठ होण्यापुरता.

टीका कशावर झाली?

पहिली तक्रार भिंगांची. चित्र मधोमध अतिशय स्पष्ट, पण बुबुळ थोडे इकडे तिकडे झाले की कडा धूसर. हेडसेट डोक्यावर नेमका बसला तरच पैसे वसूल. नजरेचा आवाका कंपनीने सुमारे ११४ अंश सांगितला होता, प्रत्यक्ष वापरात तो त्याहून अरुंद जाणवतो अशी अनेक समीक्षकांची नोंद आहे.

दुसरी तक्रार हातातल्या कंट्रोलरची. त्यांचा ठावठिकाणा हेडसेटवरचे कॅमेरे लावतात. हात पाठीमागे किंवा छातीजवळ गेला की कॅमेऱ्याला तो दिसत नाही आणि आभासी हात भरकटतो. बसून खेळणाऱ्या वैमानिकाला याचे सोयरसुतक नाही, उभे राहून धनुष्यबाण चालवणाऱ्याला मात्र हा दोष पहिल्या तासातच खुपतो.

तिसरी तक्रार केबलची. काही संगणकांवर, विशेषतः एएमडीच्या काही मदरबोर्डवर, हेडसेट ओळखलाच जात नसे. एचपीने २०२१च्या अखेरीस सुधारित केबल आणि चेहऱ्याला टेकणारी नवी गादी असलेली आवृत्ती काढली आणि ही अडचण बरीच कमी झाली. एकंदर सूर असा होता : चित्र पहिल्या नंबरचे, बाकीचे मध्यम.

संगणकावर ताण किती येतो?

इथे साधे गणित उपयोगी पडते. नेहमीचा फुल एचडी पडदा म्हणजे १९२० बाय १०८० पिक्सेल, सेकंदाला ६० वेळा. म्हणजे सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख पिक्सेल. रिव्हर्ब जी२चे दोन पडदे सेकंदाला ९० वेळा भरायचे तर सुमारे ८४ कोटी पिक्सेल लागतात. जवळपास पावणेसात पट.

हिशेब इथेच थांबत नाही. भिंगामुळे चित्राच्या कडा वाकड्या होतात. ती वाकडी बाजू आधीच उलट दिशेने वाकवून पाठवावी लागते आणि त्यात मधला भाग फिका पडू नये म्हणून संगणक मूळ चित्र पडद्यापेक्षा मोठे काढतो. या हेडसेटसाठी एका डोळ्याला साधारण ३१०० बाय ३१०० पिक्सेलचे चित्र तयार होते. म्हणजे सेकंदाला सुमारे १७३ कोटी पिक्सेल, फुल एचडीच्या चौदा पट. प्रत्येक चित्रासाठी वेळ मिळतो ११ मिलिसेकंद. तेवढ्यात चित्र आले नाही तर मान वळते, पण दृश्य मागे रेंगाळते. डोळे आणि कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय यांचा मेळ बसत नाही आणि घाटात बस लागते तशी मळमळ सुरू होते.

म्हणून हेडसेटच्या किमतीइतकाच, बरेचदा त्याहून जास्त, खर्च ग्राफिक्स कार्डावर होतो. ऑफिसच्या कामासाठी घेतलेला साधा लॅपटॉप इथे निरुपयोगी. हे ओझे दूरच्या सर्व्हरवर टाकता येईल का, असा प्रश्न पनवेलमध्ये साहजिक आहे, कारण योट्टा कंपनीचे २०२० मध्ये सुरू झालेले मोठे डेटा सेंटर याच तालुक्यात आहे. मान वळल्यापासून डोळ्यासमोरचे चित्र बदलेपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर त्रास होऊ लागतो. एवढ्या वेळात इंटरनेटवरून चित्र मागवून, उलगडून दाखवणे जवळच्या सर्व्हरवरूनही कठीण काम आहे. जड संगणक घरात असणे हाच आजवरचा भरवशाचा मार्ग.

मायक्रोसॉफ्टने नेमके काय केले?

विंडोज मिक्स्ड रिॲलिटी ही व्यवस्था २०१७ मध्ये आली. एसर, असूस, डेल, एचपी, लेनोवो आणि सॅमसंग यांनी त्यावर हेडसेट बनवले. हेडसेट ओळखणे, त्याच्या कॅमेऱ्यांवरून डोक्याची जागा ठरवणे, कंट्रोलर जोडणे ही सगळी कामे विंडोजमधले हे सॉफ्टवेअर करत होते. ग्राहकाला ही सोय वाटली. बॉक्स उघडा, केबल जोडा, काम सुरू.

डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही व्यवस्था बंद करणार असल्याचे जाहीर केले. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११च्या ‘२४एच२’ आवृत्तीतून ती काढून टाकली गेली. जुन्या ‘२३एच२’ आवृत्तीवर थांबणाऱ्यांना नोव्हेंबर २०२६ पर्यंत हेडसेट चालवता येईल, अशी मुदत कंपनीने दिली.

या मुदतीत एक मेख आहे. घरगुती वापराच्या ‘२३एच२’ आवृत्तीला सुरक्षा अपडेट देणे मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२५ मध्येच थांबवले. विंडोज १०चा नियमित पाठिंबा तर त्याआधी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे हेडसेट चालू ठेवायचा तर संगणक जुन्या, असुरक्षित आवृत्तीवर ठेवा आणि संगणक सुरक्षित करायचा तर हेडसेट कपाटात टाका. त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार आणि मुलांचे कॉलेजचे अर्ज भरले जात असतील, तर निवड कसली उरते? नोव्हेंबर २०२० मध्ये हेडसेट घेणाऱ्याला निदान पाच वर्षे मिळाली. २०२३च्या दिवाळीत घेणाऱ्याला वर्षभरातच ही निवड करावी लागली.

‘ओएसिस’चा उतारा किती भरवशाचा?

२०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्याच एका अभियंत्याने वैयक्तिक पातळीवर ‘ओएसिस’ नावाचा ड्रायव्हर तयार करून स्टीम या खेळांच्या दुकानात मोफत उपलब्ध केला. त्यामुळे विंडोज ११च्या नव्या आवृत्तीवरही हे हेडसेट व्हॉल्व्हच्या स्टीमव्हीआरमधून पुन्हा चालू लागले. जगभरात कपाटात गेलेले कितीतरी हेडसेट यामुळे बाहेर आले.

अट अशी, की संगणकात एनव्हिडियाचेच ग्राफिक्स कार्ड हवे. एएमडीच्या कार्डवाल्यांना हा दरवाजा बंद आहे. शिवाय हा कंपनीचा अधिकृत उपाय नाही. उद्या विंडोजमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये काही बदलले, तर तक्रार ऐकायला कोणी बांधील नाही. या घटनेतून एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. हेडसेट चालू ठेवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते. मोकळ्या वेळात एक माणूस जे करू शकला, ते एवढी मोठी कंपनी करू शकत नव्हती असे म्हणता येणार नाही. तिने ते करायचे नाही असे ठरवले.

इतर कंपन्यांनी वेगळे काही केले का?

केले. फोन अडकवून वापरायचा गुगलचा पुठ्ठ्याचा ‘कार्डबोर्ड’ २०१४ मध्ये आला. गुगलचा त्यातला रस संपला तेव्हा, नोव्हेंबर २०१९ मध्ये, कंपनीने त्याचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. फेसबुकने, म्हणजे आताच्या मेटाने, ‘ऑक्युलस गो’ बंद केल्यावर ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याचे कुलूप काढणारी आवृत्ती दिली, म्हणजे मालकाला आपल्या यंत्रावर हवे ते सॉफ्टवेअर टाकण्याची मुभा मिळाली. दोन्ही वेळा कंपन्यांचे दिवाळे निघाले नाही. जाताना किल्ली मालकाच्या हातात देता येते, याचे हे दोन दाखले आहेत.

मग आता बाजारात काय आहे?

पिक्सेलची शर्यत पुढे गेली आहे. २०२१च्या एचटीसी व्हाइव्ह प्रो २मध्ये प्रत्येक डोळ्याला २४४८ बाय २४४८, २०२३च्या बिगस्क्रीन बियॉन्डमध्ये २५६० बाय २५६० आणि फिनलंडच्या व्हारो कंपनीच्या व्यावसायिक हेडसेटमध्ये त्याहून कितीतरी अधिक. मेटाचा क्वेस्ट ३ स्वतःच्या प्रोसेसरवर चालतो आणि हवे तेव्हा संगणकालाही जोडता येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने ‘स्टीम फ्रेम’ची घोषणा केली. त्याचे पिक्सेल पाहिले तर गंमत वाटते. प्रत्येक डोळ्याला २१६० बाय २१६०, अगदी रिव्हर्ब जी२ इतकेच. सुधारणा झाली ती भिंगांत, वायरलेस जोडणीत आणि डोळा जिकडे पाहतो तिकडेच जास्त स्पष्ट चित्र पाठवण्याच्या युक्तीत. पाच वर्षांपूर्वीचा पडदा आजही कालबाह्य नाही, हेच यातून दिसते.

महाराष्ट्रातही हालचाल आहे. ठाण्यातली अजनालेन्स ही कंपनी प्रशिक्षण आणि संरक्षण क्षेत्रासाठी अशी उपकरणे बनवते. रिलायन्स जिओने २०१९ मध्ये मुंबईची टेसरॅक्ट ही नवउद्योग कंपनी घेतली आणि २०२३च्या आयपीएलमध्ये फोन अडकवून वापरायचा ‘जिओडाइव्ह’ १,२९९ रुपयांत आणला. बाराशे-तेराशे रुपयांचे हे खोके आणि लाखाच्या घरात जाणारा संगणकी हेडसेट यांच्यात मोठी दरी आहे. दुकानात दोन्हीवर ‘व्हीआर’ हीच दोन अक्षरे असतात, म्हणून ग्राहकाची फसगत होते.

कोनमधल्या घरात हे चालेल का?

पहिला प्रश्न जागेचा. उभे राहून फिरण्यासाठी स्टीमव्हीआरला किमान २ मीटर बाय दीड मीटर मोकळी जागा लागते, म्हणजे सुमारे ३२ चौरस फूट. कोनमध्ये गिरणी कामगारांसाठी म्हाडाने डिसेंबर २०१६ मध्ये २,४१७ घरांची सोडत काढली. प्रत्येकी १६० चौरस फुटांची दोन घरे जोडून ३२० चौरस फुटांचे एक घर, अशी ती रचना. अशा घरात व्हीआरसाठी लागणारी मोकळी जागा म्हणजे घराचा दहावा हिस्सा. कॅलिफोर्नियाच्या दिवाणखान्यासाठी आखलेले यंत्र आपल्याकडे खुर्चीत बसूनच वापरावे लागते. तेव्हा घेताना बसून खेळायच्या प्रकारांचाच विचार करावा.

दुसरा प्रश्न हवेचा. पनवेल पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने कॅमेऱ्याच्या लेन्सवर बुरशी चढते, हे कोणताही छायाचित्रकार सांगेल. हेडसेटच्या भिंगांनाही तोच धोका. घाम पुसून, गादी वाळवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवणे हा स्वस्त उपाय. भिंगांवर थेट ऊन पडू देऊ नये. भिंगातून एकवटलेले ऊन पडद्यावर कायमचा डाग पाडते.

तिसरा प्रश्न दुरुस्तीचा. परदेशी हेडसेट अनेकदा आयात करणाऱ्या विक्रेत्याकडून येतात. अशा वेळी वॉरंटी कुणाची, कंपनीची की विक्रेत्याची, हे बिलावर लिहून घ्यावे.

फ्लॅट दाखवताना व्हीआर वापरले तर?

कोन ते पळस्पे या भागात टॉवर उभे राहत आहेत आणि बांधकाम पूर्ण होण्याआधी घर ‘फिरून’ दाखवण्यासाठी व्हीआर हे सोयीचे साधन आहे. फायदा खराच आहे. सपाट चित्रात खोली कितीही ऐसपैस दाखवता येते, नीट बनवलेल्या व्हीआरमध्ये दार, ओटा आणि खिडकी खऱ्या मापाची दिसतात.

अट ‘नीट बनवलेल्या’ या शब्दांत दडली आहे. भिंगांमधले अंतर पाहणाऱ्याच्या डोळ्यांशी जुळले नाही तर खोली प्रत्यक्षापेक्षा लहान किंवा मोठी भासते. आभासी पलंग चार फुटांऐवजी साडेतीन फुटांचा काढला की शेजारी आपोआप जागा तयार होते. स्थावर संपदा कायदा, २०१६च्या कलम १२नुसार जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिकेतली माहिती खोटी असल्याने नुकसान झाले तर विकासकाला भरपाई द्यावी लागते. या तरतुदीमागचा हेतू पाहिला तर हेडसेटमधली सदनिका ही नमुना सदनिकाच आहे. म्हणून व्हीआर फेरी पाहिल्यावर तिची चित्रफीत मागावी, चटईक्षेत्राचा आकडा महारेराच्या संकेतस्थळावरील नोंदीशी ताडून पाहावा आणि फर्निचरची मापे विचारावीत. जो विकासक ती द्यायला कचरतो, त्याच्या फेरीचा अर्थ ग्राहकाने स्वतः लावावा.

भारतातला कायदा काय म्हणतो?

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. त्यात शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे येतात. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती, सेवा केंद्रे यांवर या प्रयत्नाचा भर आहे. पण रिव्हर्ब जी२चा सुटा भाग बिघडलेलाच नाही. त्याला मारले सॉफ्टवेअरने, आणि सॉफ्टवेअर किती वर्षे द्यायचे याचे बंधन आपल्याकडे नाही. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. ते कचरा झाल्यावर तो गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकतात. चालू वस्तूचा कचरा होऊ नये, यासाठी त्यांत फारसे काही नाही.

युरोपीय संघ एक पाऊल पुढे गेला आहे. तिथल्या सायबर रेझिलियन्स कायद्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. उत्पादनाचे अपेक्षित आयुष्यच कमी नसेल, तर निदान पाच वर्षे सुरक्षा अपडेट देणे आणि ही मुदत खरेदीच्या वेळी सांगणे त्यात बंधनकारक आहे.

भारतातल्या ग्राहकापुढे सध्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हाच मार्ग आहे. जाहिरातीत सांगितलेले काम वस्तू करत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते आणि पुढे जिल्हा आयोगाकडे जाता येते. मात्र हेडसेट एका कंपनीचा आणि बंद झालेले सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचे असेल, तर जबाबदार कोण, हा वाद वर्षानुवर्षे चालू शकतो.

सरकारी खरेदीत काय काळजी हवी?

या कहाणीचा खरा धडा इथे आहे. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग, कॉमिक्स आणि विस्तारित वास्तव या क्षेत्रांसाठीच्या एव्हीजीसी-एक्सआर धोरणाला मंजुरी दिली. त्यासाठी ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा आहे. त्यातून प्रयोगशाळा आणि प्रशिक्षण केंद्रे उभी राहतील तेव्हा हेडसेटही घेतले जातील. खासगी ग्राहकाचा एक हेडसेट बंद पडला तर नुकसान एका घराचे. आयटीआयमधले तीस हेडसेट एका विंडोज अपडेटने बंद पडले तर नुकसान त्या वर्गाचे, त्या वर्षीच्या मुलांचे आणि करदात्याचे. शाळांतल्या बंद संगणक खोल्यांचा अनुभव आपल्या गाठीशी आहेच.

म्हणून निविदेत तीन अटी असाव्यात. एक, सॉफ्टवेअरचा पाठिंबा किती वर्षे मिळेल याची तारीख लेखी द्यावी. दोन, हेडसेट ‘ओपनएक्सआर’ या खुल्या मानकावर चालावा, म्हणजे एका कंपनीचे यंत्र गेले तरी त्यासाठी लिहिलेले धडे दुसऱ्यावर चालतील. तीन, पाठिंबा थांबवताना कंपनीने हेडसेटचे कुलूप काढणारे सॉफ्टवेअर द्यावे. पहिल्या दोन अटींना पैसाही जास्त लागत नाही. तिसरीसाठी मोठा ग्राहक लागतो आणि राज्य सरकारइतका मोठा ग्राहक दुसरा कोण?

घरासाठी घेताना काय तपासावे?

जुना रिव्हर्ब जी२ आता सेकंडहँड बाजारात मूळ किमतीच्या बऱ्याच खाली मिळू शकतो. घेण्याआधी आपल्या संगणकातले ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचे आहे का, त्यावर डिस्प्लेपोर्ट आहे का आणि हेडसेटची केबल सुधारित आवृत्तीची आहे का, हे पाहावे. विक्रेत्याकडे तो आपल्यासमोर चालवून घ्यावा. बुबुळांमधले अंतर चष्म्याच्या दुकानात मोजून मिळते. ते ६० ते ६८ मिलिमीटरमध्ये बसत नसेल तर हा हेडसेट आपला नाही. पाच-सात मिनिटांच्या वापराने सुरुवात करावी आणि मळमळ वाटली की लगेच थांबावे, सवय होईल म्हणून रेटू नये. लहान मुलांसाठी कंपनीने सांगितलेली वयोमर्यादा पाळावी.

नवा हेडसेट घेताना पिक्सेल विचारण्याआधी विक्रेत्याला एक प्रश्न विचारावा : याचे सॉफ्टवेअर कोण देते आणि कधीपर्यंत? फ्रीजच्या कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी आपण न विसरता विचारतो. सॉफ्टवेअरच्या आधारावर जगणाऱ्या प्रत्येक वस्तूबाबत तोच प्रश्न विचारायची सवय लागली, तर कंपन्यांना उत्तर छापावे लागेल. कायदा येईपर्यंत ग्राहकाच्या हातात एवढेच आहे आणि ते थोडेथोडके नाही.